आमची वाटचाल : पेस्टपासून पॅडच्या जाडीपर्यंत

पुण्यात तपकीर गल्लीजवळ आमचे छोटे दुकान सुरू झाले, तेव्हा संगणक जोडून देणे हाच आमचा मुख्य व्यवसाय होता. 2020 च्या अखेरीस नवी ग्राफिक्स कार्डे मिळेनाशी झाली आणि मिळालीच तर भाव ऐकून गिऱ्हाईक परत फिरू लागले. लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारे स्टुडिओचालक आपले 2017 सालचे जीटीएक्स 1080 टीआय जपून वापरू लागले, आणि कार्ड तापते, पंख्यांचा आवाज वाढतो, रेंडरला (तयार व्हिडिओ बाहेर काढायला) वेळ लागतो, अशा तक्रारी घेऊन आमच्याकडे येऊ लागले. कार्डाची मुख्य चिप (जीपीयू) आणि तिची उष्णता शोषून घेणारा धातूचा हीटसिंक यांच्यामधली उष्णतावाहक पेस्ट वर्षानुवर्षे गरम-थंड होताना हळूहळू कडेला सरकते व उरलेली सुकते. ती पुसून नवी लावली की अशा बहुतेक कार्डांचा प्रश्न सुटत असे.

15 सप्टेंबर 2022 रोजी इथेरियम या आभासी चलनाचे मायनिंग, म्हणजे ग्राफिक्स कार्डांवर गणिते चालवून ते चलन मिळवणे, थांबले आणि आमच्या कामाचे स्वरूपच पालटले. त्यासाठी दिवसरात्र राबवलेली आरटीएक्स 3080 आणि 3090 कार्डे वापरलेल्या मालाच्या बाजारात आली. त्यांतील जीडीडीआर6एक्स मेमरी फार तापते आणि 110 अंशांच्या आसपास पोहोचली की कार्ड स्वतःच वेग कमी करते. 3090 च्या 24 मेमरी चिपांपैकी 12 पाठीमागे असतात. त्यांची उष्णता बॅकप्लेटपर्यंत, म्हणजे कार्डाच्या पाठीवरच्या पत्र्यापर्यंत, नेण्याचे काम केवळ पॅडवर, म्हणजे उष्णतावाहक पट्टीवर, असते. पेस्ट कितीही चांगली लावली तरी ही मेमरी थंड होत नाही.

पॅडच्या कामात जाडीला सर्वाधिक महत्त्व आहे, असे आमचे ठाम मत आहे. पॅड अर्ध्या मिलिमीटरने जाड झाला तर हीटसिंक पॅडवरच टेकतो, जीपीयूवर पुरेसा दाब पडत नाही आणि हॉटस्पॉटचे (चिपवरच्या सर्वांत तापलेल्या जागेचे) तापमान उलट वाढते. पातळ झाला तर मेमरीला हीटसिंकचा स्पर्शच होत नाही. एकाच मॉडेलच्या दोन कंपन्यांच्या कार्डांत ही जाडी वेगळी असते, आणि एकाच कार्डात मेमरी व व्हीआरएम (चिपला योग्य दाबाची वीज पुरवणारा भाग) यांचीही. म्हणून जुना पॅड आम्ही मधोमध मोजत नाही, कारण तेथे तो दबलेला असतो. चिपच्या बाहेर राहिलेली, सिलिकॉनच्या तेलाने ओलसर झालेली कड कॅलिपरमध्ये अलगद धरली की मूळ जाडीचा अंदाज येतो. मॉडेल प्रथमच हाताखाली आले असेल, तर नवे पॅड लावून स्क्रू आलटूनपालटून समोरासमोरचे आवळतो, पुन्हा उघडतो आणि प्रत्येक पॅडवर चिपचा चौकोनी ठसा नीट उमटला आहे का ते पाहतो. मगच जाडी वहीत लिहिली जाते. ही वही आमच्या दुकानातील सर्वांत मोलाची वस्तू आहे.

वेष्टनावर उष्णतावहनाचा मोठा आकडा छापलेले पॅड पुष्कळदा कडक असतात व दबत नाहीत. त्यापेक्षा मऊ पॅड आम्हांला अधिक भरवशाचे वाटतात. सतत रेंडरवर चालणाऱ्या कार्डांना जीपीयूवर पेस्टऐवजी हनीवेलची पीटीएम7950 ही शीट बसवतो. ती सुमारे 45 अंशांना मऊ होऊन पसरते आणि पेस्टसारखी सहजासहजी कडेला सरकत नाही.

पडद्यावर ठिपके किंवा पट्टे दिसणाऱ्या कार्डाची मेमरी चिपच बिघडलेली असू शकते. पॅड बदलून ती दुरुस्त होणार नाही, हे कार्ड उघडण्यापूर्वीच सांगतो. आता कोल्हापूर, नाशिकहूनही कुरिअरने कार्डे येतात. पाठवणाऱ्यांना आमची एकच विनंती असते, की जुने पॅड काढून, कार्ड स्वच्छ पुसून पाठवू नये; ते जसे आहेत तसेच राहू द्यावेत, कारण जाडी आम्हांला त्यांच्याच कडेवरून मोजायची असते.