सीटीच्या फ्लॉप्यांपासून विंडोज ११ पर्यंत: काम कुठवर आलं

आधी आजची स्थिती सांगतो. आमच्या हॅम रेडिओ क्लबमधल्या सरांच्या फ्लॉप्यांमधले, डॉसच्या काळातले कॉन्टेस्ट लॉग (स्पर्धांमधल्या संपर्कांच्या नोंदी) सुखरूप बाहेर निघाले आहेत. सीटी हा त्यांचा जुना लॉगिंग प्रोग्राम डॉसबॉक्समध्ये, म्हणजे डॉसची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये, चालतो, लॉग उघडतो, आणि त्यातले बरेचसे क्यूएसओ, म्हणजे रेडिओ संपर्क, एडीआयएफ या लॉगच्या देवाणघेवाणीच्या फाइल प्रकारात उतरलेत. त्यांचा विंडोज ९८ च्या काळातला रोजचा लॉगरही विंडोज ११ वर उघडायला लागला आहे. कीइंग, म्हणजे संगणकाकडून मोर्स पाठवणं, मात्र मी मुद्दाम वेगळ्या मशीनवर नेलं. ते का, हे पुढे येईलच.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडं मागचं. सर म्हणजे आमच्या क्लबमधले सगळ्यात ज्येष्ठ ओएम, म्हणजे हॅम ऑपरेटर. नव्वदच्या दशकात आणि नंतरही काही वर्षं ते सीक्यू वर्ल्डवाइड या जागतिक स्पर्धेच्या सीडब्ल्यू (मोर्स) कॉन्टेस्टमध्ये नेमाने उतरायचे, आणि त्या काळात संगणकावर कॉन्टेस्ट लॉग करायचा म्हटलं की सीटीचं नाव पहिलं यायचं. के१ईए हा कॉलसाइन (हॅमचं हवेतलं ओळखनाव) असलेल्या हॅमने लिहिलेला हा डॉसचा प्रोग्राम. इन्सर्ट दाबलं की समोरच्याचा कॉलसाइन आणि एक्सचेंज (स्पर्धेत एकमेकांना द्यायची ठरलेली माहिती) हवेत जातं, प्लस दाबलं की टीयू (थँक यू) जाऊन क्यूएसओ नोंदला जातो. आज एन१एमएम या लॉगरवर बसणाऱ्या कितीतरी जणांच्या बोटांत हीच दोन बटणं आहेत, आणि ती सीटीतून आलेली आहेत. म्हणून केवळ लॉग काढून घेऊन प्रोग्राम टाकून द्यावा, असं मला कधी वाटलं नाही. पण क्रम महत्त्वाचा: आधी डेटा, मग प्रोग्राम.

डेटा म्हणजे साडेतीन इंची फ्लॉप्या, त्याही कोकणातल्या दमट घरात राहिलेल्या. पत्र्याचं झाकण सरकवून चकतीवर तिरप्या उजेडात पाहिलं की बुरशीचे करडे ठिपके दिसतात. अशी फ्लॉपी तशीच ड्राइव्हमध्ये घालू नका. बुरशी हेडला चिकटते आणि पुढच्या चांगल्या फ्लॉपीवरही ओरखडे पडतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाने चकती हळूहळू फिरवत पुसायची, पूर्ण वाळू द्यायची, आणि मग यूएसबी फ्लॉपी ड्राइव्हमधून डीडीरेस्क्यू या प्रोग्रामने इमेज, म्हणजे अख्ख्या फ्लॉपीची हुबेहूब प्रत, काढायची. फाइली एकेक करून कॉपी करत बसू नका. १.४४ एमबीच्या फ्लॉपीची इमेज बरोबर १४,७४,५६० बाइटची भरते, म्हणजे ५१२ बाइटचे २८८० सेक्टर. आकडा जुळला आणि डीडीरेस्क्यूच्या नोंदीत एकही वाईट सेक्टर राहिला नाही, की ती फ्लॉपी कायमची बाजूला ठेवता येते. पुढचं सगळं काम इमेजच्या प्रतीवर.

आता सीटी. ६४ बिटच्या विंडोजवर तो सरळ चालणार नाही, कारण ६४ बिट मोडमध्ये गेलेल्या प्रोसेसरला डॉसच्या प्रोग्रामसाठी लागणारा व्हर्च्युअल ८०८६ मोड उपलब्ध नसतो आणि त्या विंडोजमध्ये डॉसचे प्रोग्राम चालवणारा एनटीव्हीडीएम हा थर दिलेलाच नाही. विंडोज १० च्या ३२ बिट आवृत्तीवर तो घालता यायचा. विंडोज ११ ची ३२ बिट आवृत्तीच नाही, आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणजे आता डॉसबॉक्स, नाहीतर खरंखुरं डॉस.

मी डॉसबॉक्स लिनक्सवर बसवला आहे. सीटीचा फोल्डर सी ड्राइव्ह म्हणून माउंट केला की प्रोग्राम लगेच उघडतो, त्यात विशेष काही नाही. मजकुराच्या रूपातला लॉगही सीटीमधूनच लिहून घेता येतो, आणि तिथून एडीआयएफ करायला पायथनची छोटी स्क्रिप्ट पुरते. जाता जाता एक गोष्ट, अशा जुन्या साधनांबरोबर येणाऱ्या छोट्या कन्व्हर्टरांबद्दल. त्यातले टर्बो पास्कलमध्ये लिहिलेले काही सुरू होताक्षणीच ‘रनटाइम एरर २००’ देऊन मरतात. सुरुवातीला प्रोसेसरचा वेग मोजणारी त्यांची गणना आजच्या वेगापुढे भागाकारात कोसळते. डॉसबॉक्समध्ये सायकल्स कमी आणि ठरावीक ठेवले की तेच प्रोग्राम शहाण्यासारखे चालतात.

या खेपेचा खरा वेळ गेला तो घड्याळात, आणि आपल्याकडच्या प्रत्येकाने इथे थांबून वाचावं असं मला वाटतं.

डॉसला टाइम झोन कळत नाही. मशीनचं घड्याळ जे सांगेल ते लॉगमध्ये जातं. घरातला एकच पीसी इतर कामांनाही वापरात असेल, तर त्याचं घड्याळ आपल्या वेळेवर असणार. काही वर्षी सर कॉन्टेस्टच्या आधी घड्याळ यूटीसीला, म्हणजे जागतिक प्रमाण वेळेला, लावायचे, काही वर्षी नाही, आणि कुठल्या वर्षी काय हे आज त्यांनाही आठवत नाही. फाइलमध्ये तशी कुठलीच खूण नाही. संपर्कांची ऑनलाइन खातरजमा करणाऱ्या लॉगबुक ऑफ द वर्ल्डमध्ये दोन्हीकडच्या वेळा ३० मिनिटांच्या आत जुळाव्या लागतात. साडेपाच तासांच्या फरकाने लॉग चढवला तर हजारो क्यूएसओमधला एकही जुळणार नाही, आणि का जुळत नाही हे कोणी सांगणारही नाही.

उत्तर लॉगमध्येच मिळालं. सीक्यू वर्ल्डवाइड शनिवारी ००:०० यूटीसीला सुरू होते आणि रविवारी २३:५९ ला संपते. आपल्या घड्याळात ते शनिवार पहाटे साडेपाच ते सोमवार पहाटे साडेपाच. सन २००० ची सीडब्ल्यू कॉन्टेस्ट २५ आणि २६ नोव्हेंबरला होती. सरांच्या त्या वर्षीच्या लॉगमधला पहिला क्यूएसओ २५ तारखेला पहाटे साडेपाच उलटून गेल्यावरचा आहे, आणि शेवटचे काही २७ तारखेचे, सोमवारचे. यूटीसीमध्ये २७ तारीख त्या कॉन्टेस्टमध्ये असूच शकत नाही. म्हणजे हा लॉग निःसंशय भारतीय वेळेत आहे. हीच कसोटी बाकीच्या वर्षांना लावली आणि लॉग दोन ढिगांत वेगळे झाले.

तरी खात्री करायला सरांच्या क्यूएसएल कार्डांच्या (संपर्काची पोच देणाऱ्या कार्डांच्या) खोक्यातून त्या आठवड्यातली कार्डं शोधली. एका जर्मन स्टेशनचं कार्ड मिळालं: २१ मेगाहर्ट्झ, वेळ १५:३२ यूटीसी. लॉगमध्ये तोच कॉलसाइन, तोच बँड, आणि वेळ २१:०२. बरोबर साडेपाच तास. बँडकडे बघूनही हे पटतं. १५ मीटरवर युरोप आपल्याकडे संध्याकाळी नऊला, म्हणजे १५:३० यूटीसीच्या सुमाराला, छान ऐकू येतो. २१:०० यूटीसी म्हणजे आपले रात्रीचे अडीच, आणि त्या वेळी १५ मीटरवर तशी रांगेने युरोपियन स्टेशनं मिळणं अवघडच.

वेळ वजा करताना तारीखही बदलते हे स्क्रिप्टला सांगायला हवं. मध्यरात्रीपासून पहाटे ०५:२९ पर्यंतचा प्रत्येक क्यूएसओ यूटीसीत आदल्या दिवशी जातो, महिन्याच्या एक तारखेचा तर आदल्या महिन्यात. तारीख आणि वेळ जोडून एकच मूल्य करा, त्यातून साडेपाच तास वजा करा, आणि मग पुन्हा दोन फील्ड सुटी करा. एडीआयएफला तारीख आठ आकडी लागते, पूर्ण वर्षासकट, त्यामुळे दोन आकडी वर्षं याच टप्प्यावर भरून घ्यायची.

एडीआयएफमध्ये प्रत्येक फील्डच्या आधी त्याची लांबी लिहिलेली असते, आणि एडीआय फाइलमध्ये फक्त आस्की (साधी इंग्रजी) अक्षरं चालतात. आपण ऑपरेटरचं नाव देवनागरीत लिहिलं, तर एक प्रोग्राम लांबी अक्षरांत मोजतो, दुसरा बाइटमध्ये, आणि पुढचं फील्ड मधूनच तुटतं. देवनागरीची हौस असेल, मलाही आहे, तर एक्सएमएलवर आधारलेला एडीएक्स वापरा.

आता नवे क्यूएसओ डॉसबॉक्समध्येच नोंदवायचे असतील, तर त्याचंही घड्याळ पाहा. डॉसबॉक्स यजमान संगणकाची स्थानिक वेळ घेतो. लिनक्सवर तो सुरू करतानाच टीझेड या व्हेरिएबलला यूटीसी असं मूल्य दिलं की आतलं डॉस यूटीसीत जागं होतं आणि बाहेरचं बाकी सगळं आपल्या वेळेत राहतं. शिवाय डॉसबॉक्सचं आतलं घड्याळ तासन्‌तास चालून हळूहळू सरकू शकतं. डेट या आज्ञेला एस हा स्विच दिला की तो कायम यजमानाची वेळ वापरतो. ही ओळ ऑटोएक्झेकमध्येच टाकून ठेवली आहे.

देशांच्या यादीचा मुद्दा लहान, पण गुण बदलणारा. सीटी मल्टिप्लायर (ज्यांच्या संख्येने गुण गुणले जातात ते देश आणि झोन) ठरवतो सीटीवाय.डॅट या साध्या मजकुराच्या फाइलवरून. त्यात भारताची ओळ पाहा: सीक्यू झोन २२, आयटीयू झोन ४१, रेखांश उणे ७७.५८ आणि वेळ उणे ५.५. पूर्वेला उणे धरायची ही जुनी पद्धत आजच्या फाइलीतही तशीच आहे, त्यामुळे हाताने दुरुस्ती करणाऱ्याने चिन्ह बदलू नये. नव्या फाइलीशिवाय सीटीला २०११ चा दक्षिण सुदान किंवा २०१८ चा कोसोव्हो कळणार नाही. उलट, जुना लॉग नव्या यादीने मोजला तर तेही चूक, कारण १० ऑक्टोबर २०१० ला नेदरलँड्स अँटिलिस विसर्जित झालं आणि पीजेने सुरू होणाऱ्या कॉलसाइनच्या दोन एंटिटींच्या (हॅमच्या यादीतल्या ‘देशां’च्या) चार झाल्या. म्हणून मी दोन वेगळे फोल्डर ठेवलेत: जुने लॉग जुन्या यादीबरोबर, आजचं काम ताज्या यादीबरोबर.

आता कीइंग. सीटी सीरियल पोर्टच्या डीटीआर पिनवरून थेट सीडब्ल्यू पाठवतो. डॉसबॉक्समध्ये डायरेक्टसीरियल या सोयीने यूएसबी केबल जोडता येते, तुमचा यूझर डायलआउट गटात असला की झालं. रिगकडून, म्हणजे रेडिओ संचाकडून, फ्रिक्वेन्सी वाचायला हे उत्तम. पण ३० शब्द प्रति मिनिटाला एक डिट (मोर्समधला टिंब) फक्त ४० मिलिसेकंदांचा असतो, आणि इथे डिटची लांबी डॉसबॉक्स, लिनक्सचा शेड्युलर आणि यूएसबी या तिघांच्या हातांतून जाते. साइडटोन (आपण पाठवत असलेल्या मोर्सचा आवाज) ऐकलात की कळतं: मधेच एखादा डिट लांबतो, एखादी फट आखडते. समोरच्याला हे ऐकवणं मला मान्य नाही. ज्यांना एकाच संगणकावर राहायचंय त्यांनी विनकीयर या वेगळ्या मोर्स कीयरला साथ देणारा लॉगर घ्यावा. त्यात संगणक फक्त अक्षरं पाठवतो, तीही १२०० बॉडने, आणि डिट-डाचं माप कीयरमधली चिप धरते.

मी सीटीसाठी दुसरी वाट धरली: फ्रीडॉस घातलेला जुना डेस्कटॉप, ज्याच्या मदरबोर्डवर खरा सीरियल पोर्ट आहे, पत्ता ३एफ८, आयआरक्यू ४. इथे सीटी हार्डवेअर स्वतःच्या ताब्यात घेतो आणि कीइंग काटेकोर होतं. इंटरफेस पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळणाऱ्या सुट्या भागांतून उभा राहतो. नऊ पिनी कनेक्टरची ४ नंबरची पिन एक किलोओहमच्या रेझिस्टरमधून बीसी५४७ च्या बेसला, एमिटर ५ नंबरच्या पिनला, म्हणजे ग्राउंडला, आणि कलेक्टर रिगच्या की जॅकला. बेस आणि एमिटरमध्ये एक १एन४१४८ डायोड उलटा लावायला विसरू नका, कॅथोड बेसकडे. सीरियल लाइन आरामात असताना उणे व्होल्टेजवर बसते, उणे १२ पर्यंतही जाते, आणि बीसी५४७ चं ते जंक्शन उलट दिशेने ६ व्होल्टपर्यंतच सोसतं. दुसरं म्हणजे संगणक सुरू होऊन डॉसचा प्रॉम्प्ट येईपर्यंत रिग बंद ठेवा. सुरू होताना डीटीआर वर-खाली होते आणि रिग नको तेव्हा हवेत जातो.

विंडोजच्या लॉगरचं थोडक्यात. प्रोग्राम ३२ बिटचा आहे, पण त्याचा इन्स्टॉलर १६ बिटचा, म्हणून विंडोज ११ वर इन्स्टॉलरच अडला. व्हर्च्युअलबॉक्समधल्या जुन्या विंडोजवर तो बसवला, तयार फोल्डर उचलून आणला, आणि सीरियल पोर्टची ओसीएक्स फाइल सिसवॉव६४ मधल्या रेगसर्व्हर३२ ने नोंदवली. व्हिज्युअल बेसिक ६ चं रनटाइम विंडोज ११ मध्ये आजही येतं. असे प्रोग्राम प्रोग्राम फाइल्समध्ये ठेवू नका. व्हिस्टापासून तिथे लिहायची सामान्य यूझरला मुभा नाही, म्हणून विंडोज जुन्या प्रोग्रामचं लिखाण गुपचूप ॲपडेटामधल्या व्हर्च्युअलस्टोअरमध्ये वळवतं. प्रोग्राम एकदा साधा आणि एकदा ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडला की दोन वेगळे लॉग तयार होतात, आणि आपल्याला वाटतं लॉग गायब झाला. कोणाचा जुना लॉग ‘हरवला’ असेल तर पहिल्यांदा तिथे शोधा. मी फोल्डर थेट सी ड्राइव्हवर ठेवला आहे. कॉम पोर्ट यादीत दिसत नसेल तर डिव्हाइस मॅनेजरमधून त्याचा नंबर ४ च्या आत आणा, कित्येक जुन्या लॉगरना त्यापुढचे पोर्ट माहीतच नसतात. आणि विंडोज ११ ने नाकारलेली जुन्या चिपची यूएसबी केबल फेकू नका, माझी तशीच केबल लिनक्सवर व्यवस्थित चालते आहे.

बाकी राहिलंय ते असं. कॉन्टेस्टबाहेरच्या रोजच्या लॉगला शनिवार-सोमवारची कसोटी लागू होत नाही. तिथे महिन्या-महिन्याला दोन-तीन क्यूएसएल कार्डांशी वेळ ताडून पाहणं चालू आहे. लॉगबुक ऑफ द वर्ल्डसाठी सरांनी स्वतःच्या कॉलसाइनच्या सर्टिफिकेटचा अर्ज केला आहे. त्यात क्यूएसओची सुरुवातीची तारीख त्यांच्या सगळ्यात जुन्या लॉगच्या आधीची दिली आहे, नाहीतर त्याआधीचे क्यूएसओ सहीच होत नाहीत. सर्टिफिकेट आलं की पहिल्यांदा सन २००० चा लॉग चढवणार. कोणाकडे त्या कॉन्टेस्टमधला व्हीयू (भारतीय) स्टेशनचा सीटीचा लॉग असेल तर त्याचा पहिला आणि शेवटचा क्यूएसओ किती वाजताचा आहे ते जरूर कळवा.