आमची वाटचाल: ४० लूप, ८० नटबोल्ट

सोलापुरात नवी पेठेत माझं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. लोक टीव्ही दुरुस्त करायचे थांबले आणि दुकानात माझ्यासकट सगळं धूळ खात पडलं. हॅमचं, म्हणजे हौशी रेडिओ केंद्र चालवायचं, लायसन तेवढं हातात होतं. त्या काळात रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले एक हॅम काका दुकानात आले. जुळे सोलापुरात फ्लॅट, गच्चीवर अँटेनाची तार लावायला सोसायटीची परवानगी नाही. ४० मीटर तरंगलांबीच्या बँडची साधी तारेची अँटेना, डायपोल, म्हणजे २० मीटर तार. बाल्कनी जेमतेम आठ फुटी. "काहीतरी करा," म्हणाले, आणि पाचशे रुपये टेबलावर ठेवून गेले. पावती मागितली नाही. आमच्या धंद्याचं भांडवल ते.

तांब्याच्या लूपबद्दल, म्हणजे पाईप गोल वाकवून केलेल्या छोट्या अँटेनाबद्दल, वाचलेलं होतं, स्वतः लूप केलेला नव्हता. तांबं आणायला गेलो अशोक चौकातल्या एका फ्रीज-एसीवाल्या मिस्त्रींकडे, आणि पुढची सगळी वर्षं त्यांच्याच जिवावर गेली. एसीची सात सुती (पाऊण इंचाहून जरा जाड) पाईप, मऊ, गुंडाळीतली. ती वाकवायला साचा म्हणून भंगारातून केबलचा लाकडी ड्रम आणला. पाईप ड्रमवरून सोडली की थोडी उलगडते, म्हणून मीटरभर व्यासाच्या लूपला ड्रम मीटरपेक्षा बोटभर लहानच हवा. हे कळायला एक अख्खी पाईप वाया गेली. लूप हव्या त्या बँडवर जुळवायला टोकाला पहिल्यांदा जुन्या वाल्व्ह रेडिओचा गँग कंडेन्सर, म्हणजे फिरत्या पत्र्यांचा कपॅसिटर, लावला. पाच वॉटला ठीक चालला, वीस वॉटला पत्र्यांमध्ये निळी ठिणगी तडतडली आणि काका खुर्चीवरून उठलेच. मग पितळी पत्रे कापून बटरफ्लाय कपॅसिटर केला. त्यात फिरणाऱ्या भागाला घासणारा संपर्कच नसतो, म्हणून रोधही कमी. इन्सुलेटरला भाजी कापायचा पांढरा पॉलिथीनचा बोर्ड. टेफ्लॉनच्या दरात असे दहा बोर्ड येतात, आणि शंभर वॉटच्या आत मला तरी फरक दिसलेला नाही.

काकांच्या शेजारच्या इमारतीतली लिफ्ट चालू झाली की रिसीव्हरवर एस सातचा गोंगाट (एस म्हणजे सिग्नलच्या ताकदीचं माप). लूप हाताने जरा फिरवला, गोंगाट एस दोनवर. उभ्या लूपची बहिरी बाजू त्याच्या पृष्ठभागाच्या काटकोनात असते, ती लिफ्टकडे करायची, एवढंच. काका नंतर म्हणायचे, "तुमचा लूप ऐकतो कमी, पण नको ते अजिबात ऐकत नाही." यंत्रमागाच्या गल्लीत राहणाऱ्यांना याची किंमत वेगळी सांगायला नको.

पुढची काही वर्षं बरी गेली. महिन्याला तीन-चार लूप, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

आता मिस्त्रींचं एक वाक्य सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. मी एकदा खर्च वाचवायला म्हटलं, पाईपची टोकं चेपून बोल्ट मारू. ते गॅसची बत्ती खाली ठेवून म्हणाले, "सर, गॅस गळला तर साबण लावून कळतं की वो. करंट गळलेला कशानं बघणार?" त्यांनी हॅमचं एक पुस्तक वाचलेलं नाही. पण हिशेब करून बघा. लूपचा प्रक्षेपण रोध म्हणजे हवेत जाणाऱ्या शक्तीचा वाटा, आणि तोटा म्हणजे नुसती उष्णता होणारा. एक मीटर व्यासाच्या लूपचा प्रक्षेपण रोध २० मीटरच्या बँडवर सुमारे ९६ मिलिओम, पाईपचा स्वतःचा तोटा ४५ च्या आसपास. म्हणजे दोन तृतीयांश शक्ती हवेत जाते. तोच लूप ४० मीटरवर नेला की प्रक्षेपण रोध फक्त सहा मिलिओम आणि तोटा बत्तीस. सहावा हिस्सा बाहेर, बाकी सगळं तांबं तापवायला. अशा ठिकाणी सांध्यात तीस मिलिओम वाढले, तर सहाव्या हिश्श्याऐवजी अकरावाच हिस्सा बाहेर जातो. ओममीटरवर यातलं काही दिसत नाही. म्हणून आमचा प्रत्येक सांधा ब्रेझिंगचा, म्हणजे बत्तीने धातू वितळवून जोडलेला. बिलात त्याची वेगळी ओळ टाकली तर गिऱ्हाईक तीच खोडायला सांगतं.

आणि मग तो व्यापारी आला. मोठ्या शहरातला, हॅमचं सामान विकणारा. नाव घेत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल. ४० लूपची ऑर्डर. दोन अटी: ४० मीटर बँड चाललाच पाहिजे आणि दर ४,२०० च्या वर नको. आम्ही एक लूप ६,५०० ला देत होतो, तोही फक्त २० ते १५ मीटरचा. त्या बँडला ५० पिकोफॅरडचा (हे कपॅसिटरच्या क्षमतेचं माप) कपॅसिटर पुरतो, ४० मीटरला दोनशेच्या वर लागतात. म्हणजे चौपट पत्रे. पितळ परवडेना, अॅल्युमिनियम घेतलं. अॅल्युमिनियम तांब्याला ब्रेझ करणं आमच्या बत्तीचं काम नव्हे, मग नटबोल्ट. एका लूपला दोन. मिस्त्री दोन दिवस बोलले नाहीत. मुलाच्या इंजिनिअरिंगची फी भरायची होती, मी ऐकलं नाही.

बेंचवर सगळे चाळीस छान चालले. सोलापूरची एप्रिलमधली हवा, पापडसुद्धा न भाजता कुरकुरीत राहतो. लूप गेले पुणे, मुंबई, कोकणात. जून-जुलैत फोन सुरू झाले. पाऊस पडला की ट्यूनिंग सरकतं, एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून शक्ती किती परत फिरते त्याचं माप) बोलता बोलता चढतो, बोल्ट हाताला चटका देतो. तांबं आणि अॅल्युमिनियम ओलाव्यात एकत्र आले की अॅल्युमिनियम पांढरी पूड धरतं. त्यातून पन्नास वॉटला छत्तीस अँपिअर जाणार, सांधा तापणार नाही तर काय? दिवाळीपर्यंत २७ लूप परत आले, काही तर खोक्याशिवाय, वाकलेले.

अॅडव्हान्स ३०,००० मिळाला होता. उरलेले १,३८,००० आजतागायत आलेले नाहीत. माझी चूक मी कबूल केली, सगळे लूप स्वखर्चाने दुरुस्त करून देतो म्हणून तीनदा पत्र टाकलं. उत्तर नाही. दुकानाची जागा सोडली, ड्रिल मशीन विकलं. मिस्त्रींनी सहा महिने मजुरी घेतली नाही. "नंतर बघू," एवढंच म्हणाले.

पुढच्याच वर्षी त्या व्यापाऱ्याने स्वतःच्या नावाने लूप काढला, "सर्व बँड, १०० वॉट", किंमत ३,२००. काकांनी मुद्दाम एक मागवला आणि माझ्यासमोर आणून ठेवला. कपलिंग लूपच्या (रेडिओची केबल ज्याला जोडतात त्या छोट्या लूपच्या) पट्टीवर कडेला एक भोक होतं. आमच्या ड्रिलच्या जिगमध्ये (भोकाची जागा ठरवणाऱ्या साच्यात) सुरुवातीला माझ्याकडून एक सेंटिमीटरची चूक झाली होती. त्यामुळे आमच्या प्रत्येक पट्टीला कामाचं भोक आणि शेजारी एक बिनकामाचं भोक असतं. यानेही दोन्ही पाडली होती! तांब्याऐवजी अॅल्युमिनियमची पट्टी होती, आणि शंभर वॉटला कपॅसिटरवर पाच हजारांच्या वर व्होल्ट येतात याची गंधवार्ता नव्हती. पत्र्यांमधलं अंतर एक मिलिमीटरसुद्धा नाही. असे लूप घेऊन लोक मग सांगत फिरतात की लूपमध्ये दम नसतो.

नव्याने धंदा करणाऱ्यांनी विचारलेलं नाही, तरी सांगतो. अर्धे पैसे हातात आल्याशिवाय पाईप कापू नका. पहिला लूप २० मीटरचाच करा. कपलिंग लूप मुख्य लूपच्या एक पंचमांश व्यासाचा ठेवा आणि तो थोडा वाकवून एसडब्ल्यूआर जुळवा, ट्यूनरच्या नादी लागू नका. ४० मीटरवर बँडविड्थ, म्हणजे एकदा जुळवल्यावर लूप चालतो तेवढा पट्टा, पाच किलोहर्ट्झ मिळते, जरा सरकलात की पुन्हा नॉब फिरवा, कंटाळा असेल तर हा छंद सोडा. तोटा वाढला की पट्टा रुंदावतो, म्हणून वीस किलोहर्ट्झ मिळतेय म्हणून कुणी खूश असेल तर त्याने आपले सांधे तपासावेत. आणि प्रक्षेपण चालू असताना लूपला खेटून बसू नका, दोन-तीन मीटर लांब राहा. घरात लहान पोरं असतील तर जास्तच.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये घरी अडकलेल्यांचे फोन यायला लागले आणि आम्ही पुन्हा उभे राहिलो. आता अँटेना मोजायला नॅनो व्हीएनए हे छोटं यंत्र आहे, मिस्त्रींचा मुलगा बत्ती धरतो, मिस्त्री खुर्चीत बसून त्याला रागावतात. काकांचा पहिला लूप अजून त्याच बाल्कनीत आहे. जिग नवीन केला, पण बिनकामाचं भोक मुद्दाम ठेवलंय.

त्या चाळीसांपैकी १३ लूप गिऱ्हाइकांकडेच राहिले होते. त्यातले नऊ आजवर आमच्याकडे आले, बोल्ट काढून पितळी पत्रे ब्रेझ करून परत पाठवले. नववा गेल्याच आठवड्यात रत्नागिरीहून आला, बोल्टभोवती पांढरा थर असा की पान्यालाही सापडेना. अजून चार बाहेर आहेत. ज्यांच्याकडे असतील त्यांनी पाठवून द्यावेत. कामाचे पैसे घेणार नाही, कुरिअर तेवढं तुमचं.