तुम्ही विचारलंत म्हणून : फौज परत यायला इतका वेळ का?

"मॅडम, सैन्य एका दिवसात जाते, मग परत यायला वर्षं काऊन लागतात?" राज्यशास्त्राच्या वर्गात दरवर्षी कोणीतरी हे विचारतंच.

मी अजनीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढले. 1988 साली वडिलांचा डबा घेऊन नागपूर स्टेशनवर जायची, तेव्हा मद्रासहून येणाऱ्या जीटी एक्सप्रेसमध्ये श्रीलंकेतून सुटीवर निघालेले जवान दिसायचे. एकाने माझ्याकडून पाणी घेतलं आणि सांगितलं, "आम्ही हत्यारं जमा करून घ्यायला गेलो होतो." पुढे तो बोललाच नाही.

त्याचं खरंच होतं. 29 जुलै 1987 ला राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी करार केला, दुसऱ्या दिवशी भारताची शांतिसेना श्रीलंकेत उतरली. 48 तासांत युद्धबंदी, त्यानंतर 72 तासांत शस्त्रं खाली, असं करारात लिहिलं होतं. लिट्टेने, म्हणजे वेगळ्या तमिळ राष्ट्रासाठी लढणाऱ्या संघटनेने, थोडीच शस्त्रं दिली. ऑक्टोबरमध्ये त्याच फौजेला उत्तर श्रीलंकेतलं जाफना लढून घ्यायला सांगितलं गेलं. 25 नोव्हेंबरला महार रेजिमेंटच्या 8व्या बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. महार रेजिमेंटचं नाव निघालं की माझा वर्ग शांत होतो.

पुढे काम बदलत गेलं. नोव्हेंबर 1988 मध्ये प्रांतिक निवडणूक पार पाडायची, मग निवडून आलेलं सरकार सांभाळायचं. प्रत्येक पाऊल त्या-त्या वेळी रास्तच वाटलं असेल. पण मूळ हेतू मागे पडल्यावर दिल्लीने नव्याने बसून "आता कशासाठी?" हे ठरवायला हवं होतं. ज्या तमिळ गटांना आपल्याच गुप्तचर यंत्रणेने प्रशिक्षण दिलं, त्यांच्याशी आपलेच जवान लढत होते! याचा मला आजही राग येतो. जून 1989 मध्ये श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष प्रेमदासांनी फौज परत न्यायला 29 जुलैची मुदत दिली. दिल्लीत सरकार बदललं, आणि शेवटची तुकडी 24 मार्च 1990 ला निघाली. तोवर सुमारे 1,200 जवान गेले होते.

अमेरिकेचंही वेगळं नाही. डिसेंबर 2009 मध्ये ओबामांनी अफगाणिस्तानात 30,000 सैनिक वाढवले आणि त्याच भाषणात जुलै 2011 पासून माघारीचंही सांगितलं. तारीख ठरली, तरी फौज 2021 पर्यंत तिथेच होती.

म्हणून मी फळ्यावर लिहिते : "____ झालं की परत यायचं." जुलै 1987 ची गाळलेली जागा मुलं लगेच भरतात. नोव्हेंबर 1988 ला खडू हातातच राहतो.