खुर्चीतला खळगा

परवा दुपारी बाल्कनीतली वेताची खुर्ची आत ओढली. मधोमध चांगला परातीएवढा खळगा. हा खळगा माझा. जून २०२० पासूनच्या ऑनलाइन शाळेची कमाई.

त्याआधीची २२ वर्षं गणित शिकवताना मी वर्गात बसलेच नव्हते. आमच्याकडे वर्गातली खुर्ची पर्स ठेवायला असते. बसलेली बाई दिसली की मुख्याध्यापक खिडकीतून नुसते बघतात, तेवढं पुरतं. शिवाय मला बसून गणित येतच नाही. बेरीज फळ्याशी, भागाकार दुसऱ्या बाकाशी आणि वर्गसमीकरण थेट शेवटच्या बाकाशी, जिथे कुणाच्या तरी वहीखाली दुसरीच वही असते.

चौथीतल्या आमच्या बाई पाढे म्हणून घ्यायच्या ते चालतच. एकोणतीसच्या पाढ्याला नेमक्या माझ्या मागे यायच्या. बोलायच्या काही नाहीत. चपलांची फटफट थांबली की ‘एकोणतीस साती’च्या पुढे माझे नुसते ओठ हलायचे. अजूनही त्या पाढ्याला माझी मान आपोआप मागे वळते.

आणि ऑनलाइन तासाला मी? मी पोळ्यांच्या डब्याला मोबाईल टेकवून बसलेली. ‘बाई, तुम्ही म्यूटवर आहात.’ हातात खडू मात्र असायचा, सवयीने. लिहायचं वहीत आणि वही कॅमेऱ्यापुढे धरायची. अक्षरं उलटी दिसतात म्हणून मी रोज हैराण. ती मला उलटी आणि मुलांना सुलटी दिसतात, हे कळायला पंधरवडा गेला.

फुकटातलं झूम ४० मिनिटांनी तुटायचं. तेवढीच घंटा. नवी लिंक टाकली की उठून पाणी प्यायचे. पुढे बाटलीच शेजारी आली. संध्याकाळी मोबाईल दिवसाची पावलं सांगायचा: ६११. त्यातली निम्मी गॅस बंद केलाय का बघण्यात गेलेली. त्या नोव्हेंबरात जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्यांना आठवड्याला निदान १५० मिनिटं व्यायाम सांगितला. बातमी मी बसल्या बसल्या वाचली, स्टाफच्या ग्रुपवर टाकली. पटापट अंगठे आले. तेही बसूनच आले असणार.

आज खुर्ची विणणारे काका आले. त्यांना दिसत नाही. वेतावरून सावकाश बोटं फिरवली, खळग्याशी थांबले.

“ताई, यावर माणूस एकच बसलाय. तोही उजवीकडे कलून.”

चार्जिंगचा बोर्ड उजवीकडेच होता.

“छे हो,” मी म्हटलं, “आमच्याकडे पाहुणे फार.”