धावांपुढची चांदणी

महाराष्ट्र नावाचा क्रिकेट संघ महाराष्ट्र नावाच्या राज्यापेक्षा सव्वीस वर्षांनी मोठा आहे. असोसिएशनची स्थापना १९३४ची, राज्याची १९६०ची. त्यामुळे राज्याचा नकाशा आणि संघाचा नकाशा आजतागायत जुळलेला नाही. मुंबई, ठाणे आणि आसपासचा पट्टा मुंबईच्या संघाकडे. नागपूर, अमरावती, अकोला विदर्भाकडे. पुणे, नाशिक, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, जळगाव, मराठवाडा हा उरलेला मुलूख महाराष्ट्राचा. म्हणजे राज्याचं नाव ज्या संघाच्या छातीवर, त्याच्या वाट्याला ना राजधानी, ना उपराजधानी. रणजी करंडक या देशांतर्गत स्पर्धेत महाराष्ट्र विरुद्ध मुंबई असा सामना लागला की परप्रांतीय माणूस गोंधळतो. पुणेकराला त्यात काहीच वावगं वाटत नाही, उलट तोच सामना त्याला खरा वाटतो.

या संघाचा इतिहास वाचायचा तर धावफलक हातात घ्यावा. धावफलकात नाबाद फलंदाजाच्या आकड्यापुढे एक छोटी चांदणी असते. बाद झालेल्याच्या नावापुढे कोणी झेल घेतला, कोणी गोलंदाजी केली ही सगळी कुंडली येते. नाबाद राहिलेल्याबद्दल धावफलक एवढंच सांगतो की त्याला कोणी बाद केलं नाही. मग डाव का थांबला? ते शेजारच्या आकड्यांवरून काढावं लागतं: संघाच्या एकूण धावा, पडलेले गडी, सामना किती दिवसांचा, आघाडी किती. महाराष्ट्राच्या वहीत अशा चांदण्या जरा जास्तच चमकतात, आणि बऱ्याचशा एखाद्या विक्रमाच्या उंबरठ्यावर.

सुरुवात मात्र दणक्यात झाली. पुण्याच्या एस. पी. कॉलेजात संस्कृत शिकवणारे प्रोफेसर दि. ब. देवधर कर्णधार होते. जन्म १८९२चा, म्हणजे रणजी करंडक सुरू झाला तेव्हाच चाळिशी उलटलेली. त्यांच्या हाताखाली १९३९-४०मध्ये महाराष्ट्राने पुण्यात संयुक्त प्रांताला दहा गडी राखून हरवलं आणि पुढच्याच वर्षी मद्रासला मद्रासमध्येच सहा गडी राखून. त्या पहिल्या विजेतेपदाच्या हंगामात सांगलीच्या विजय हजारे यांनी बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ केल्या. रणजी करंडकातलं ते पहिलं त्रिशतक. हजारे आणि नागरवाला यांनी त्याच डावात नवव्या गड्यासाठी २४५ धावा जोडल्या. आठ गडी टिपून झाल्यावर आता तासाभरात आपली फलंदाजी, म्हणून पॅड शोधायला निघालेल्या बडोद्याच्या सलामीवीरांचं त्या दिवशी काय झालं असेल याची कल्पनाच केलेली बरी.

१९४०-४१च्या हंगामात मुंबईविरुद्धचा सामना पुण्यात झाला. महाराष्ट्र ६७५, मुंबई ६५०. दुसरे डाव नावापुरते. निकाल पहिल्या डावाच्या आघाडीवर, पंचवीस धावांनी. देवधरांनी त्यात २४६ केल्या, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. आज त्या वयाचा माणूस निवड समितीत असतो. १९४४मध्ये, बावन्न पूर्ण झाल्यावर, त्यांनी नवानगरविरुद्ध एकाच सामन्यात १०५ आणि १४१ अशी दोन शतकं ठोकली. पुढे ते १०१ वर्षं जगले. तिथेही शतक.

पहिल्या डावाची आघाडी ही गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण या संघाची अर्धी सुखदुःखं तिच्यात अडकलेली आहेत. सामना निकाली निघाला नाही तर पहिल्या डावात ज्याच्या धावा जास्त, तो पुढे. साखळी सामन्यात निर्विवाद विजयाला सहा गुण, अनिर्णित सामन्यात आघाडीला तीन आणि पिछाडीला एक. बाद फेरीत गुणच नाहीत: आघाडी मिळाली की निम्मी लढाई जिंकलेली. म्हणून पाटा, म्हणजे फलंदाजीला सोप्या, खेळपट्टीवर शहाणा कर्णधार आधी फलंदाजी घेतो, भरपूर वेळ खेळतो आणि प्रतिस्पर्ध्याला धावांच्या डोंगराखाली चिरडतो. प्रेक्षकांना कंटाळा येतो, त्याला इलाज नाही.

डिसेंबर १९४८. पूना क्लबचं मैदान, प्रतिस्पर्धी काठियावाड. ते २३८ धावांत गुंडाळले गेले. मग कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर खेळायला आले ते परतलेच नाहीत. कमल भांडारकरांबरोबर दुसऱ्या गड्यासाठी ४५५ धावांची भागी, त्यात भांडारकरांच्या २०५. निंबाळकरांच्या नावावर ४४३ धावा लागल्या तेव्हा महाराष्ट्र ४ बाद ८२६ होता. ऑस्ट्रेलियाच्या ब्रॅडमनचा तेव्हाचा जागतिक विक्रम नाबाद ४५२. खेळ विश्रांतीसाठी थांबला होता आणि हव्या होत्या फक्त दहा धावा, म्हणजे दोन-तीन षटकांचं काम. काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, म्हणाले, डाव घोषित करा, म्हणजे इथेच थांबवा, नाहीतर आम्ही निघालो. आणि ते खरोखरच निघाले. सामना महाराष्ट्राला बहाल झाला, निंबाळकरांच्या ४४३पुढे चांदणी लागली.

ही गोष्ट नेहमी खलनायक घालून सांगतात. ठाकोरसाहेबांचं वागणं दिलदारपणाचं नव्हतं हे खरंच. पण आकड्यांकडे पाहा. महाराष्ट्राची आघाडी ५८८ धावांची झालेली, सामना केव्हाच खिशात. तिथून पुढची प्रत्येक धाव सामन्यासाठी निरुपयोगी होती, ती फक्त वहीसाठी होती. तिसऱ्या दिवशी उन्हात धावणाऱ्या क्षेत्ररक्षकाने दुसऱ्याच्या वहीसाठी किती धावावं, याचं उत्तर खेळाच्या नियमात सापडत नाही. निंबाळकर मात्र भारताकडून एकही कसोटी खेळले नाहीत, आणि हा अन्याय काठियावाडच्या माथी मारता येत नाही. प्रथम श्रेणीत भारतीय फलंदाजाची सर्वोच्च धावसंख्या आजही तीच.

त्याच हंगामात, मार्च १९४९मध्ये, पुण्यात मुंबईविरुद्ध उपांत्य सामना झाला. हा धावफलक बोट ठेवून वाचण्यासारखा आहे. मुंबई ६५१. महाराष्ट्र ४०७. मुंबईची आघाडी २४४. आज कुठलाही कर्णधार इथे फॉलोऑनचा, म्हणजे महाराष्ट्रालाच लगेच पुन्हा फलंदाजीला लावण्याचा, विचार करेल. पण सामना निकाल लागेपर्यंत खेळायचा होता, घड्याळाची भीती नव्हती, तेव्हा डाव घोषित करायची घाई कशाला? मुंबई पुन्हा खेळली आणि ८ बाद ७१४ वर थांबली. आता २४४ अधिक ७१४, झाले ९५८. महाराष्ट्रासमोर लक्ष्य ९५९ धावांचं.

चौथ्या डावात ९५९! एखादा संघ अशा वेळी बॅट खाली ठेवून रात्रीची गाडी पकडेल. महाराष्ट्राने ६०४ केल्या. हरले ३५४ धावांनी. चौथ्या डावात सहाशे करूनही साडेतीनशेच्या वर धावांनी हरण्याचा मान क्वचितच कोणाच्या वाट्याला आला असेल. बेरीज केली तर चार डावांत २३७६ धावा, अडतीस गडी, सात दिवस. प्रथम श्रेणी क्रिकेटमधल्या एका सामन्यातला हा सर्वाधिक धावांचा विक्रम. शतकं नऊ: मुंबईची पाच, महाराष्ट्राची चार. माधव मंत्रींचं द्विशतक, उदय मर्चंट आणि दत्तू फडकर यांची दोन्ही डावांत शतकं. महाराष्ट्राकडून रेगे यांची १३३ आणि १००, शिवाय दातार आणि शरद देवधर. शरद म्हणजे प्रोफेसरांचे चिरंजीव. सहा शतकवीरांची नावं सगळे घेतात, ज्या गोलंदाजांनी ती खेळपट्टी सात दिवस तुडवली त्यांची मात्र कोणी घेत नाही. गडी घेणं हे त्या मैदानावर वेठबिगारीचं काम होतं.

मधली दशकं भरभर ओलांडता येतील. चंदू बोर्डे, हेमंत कानिटकर, चेतन चौहान, पांडुरंग साळगावकर अशी खणखणीत माणसं आली, करंडक आला नाही. १९७०-७१च्या अंतिम सामन्यात तर सुवर्णसंधी होती: वाडेकर, गावसकर, सरदेसाई, सोलकर वेस्ट इंडिजमध्ये, मुंबईची जवळजवळ दुसरी फळी सुधीर नाईकांच्या हाताखाली उतरलेली. तरी महाराष्ट्र ४८ धावांनी हरला. मुंबईची दुसरी फळी म्हणजे काय चीज आहे, हे त्या वर्षी देशाला कळलं. १९९२-९३मध्ये पुन्हा अंतिम फेरी, लुधियानात पंजाबकडून हार. या दोहोंच्या मध्ये, १९८८-८९मध्ये, शंतनू सुगवेकर मध्य प्रदेशविरुद्ध नाबाद २९९. त्रिशतकाला एक धाव कमी आणि पुढे चांदणी. योगायोग असा की ॲडलेडला १९३२मध्ये नाबाद २९९ वर राहिलेला फलंदाज ब्रॅडमनच. निंबाळकर ब्रॅडमनपर्यंत पोहोचता पोहोचता राहिले आणि सुगवेकर नको तिथे बरोबर पोहोचला.

२०१३-१४चा हंगाम वेगळा होता. केदार जाधवने १२२३ धावा केल्या, पण लक्षात ठेवण्यासारखा सामना वानखेडेवरचा उपांत्यपूर्व. गतविजेत्या मुंबईच्या ४०२, महाराष्ट्राच्या २८०. आघाडी १२२ची, म्हणजे सामना नुसता रेटत नेला असता तरी मुंबई पुढे गेली असती. महाराष्ट्राला जिंकण्यावाचून पर्याय नव्हता. गोलंदाजांनी मुंबईचा दुसरा डाव १२९ धावांत संपवला आणि लक्ष्य २५२ वर आणलं. मग जाधव नाबाद १२०, जालन्याचा विजय झोल नाबाद ९१, सामना आठ गड्यांनी खिशात. झोलच्या शतकाला नऊ धावा कमी पडल्या, निंबाळकरांना बरोबरीसाठी कमी पडल्या होत्या तेवढ्याच. पण या चांदणीबद्दल कोणी हळहळलं नाही. अंतिम सामन्यात कर्नाटकाने सात गड्यांनी धूळ चारली. पहिल्या डावात ३०५ विरुद्ध ५१५ असा फरक पडल्यावर दुसऱ्या डावातल्या ३६६ धावा पुरणार नव्हत्याच.

मग ऑक्टोबर २०१६, पुन्हा वानखेडे. त्या हंगामात सगळे सामने त्रयस्थ मैदानांवर होते, त्यामुळे महाराष्ट्र आणि दिल्ली मुंबईत खेळत होते. २ बाद ४१ वरून कर्णधार स्वप्निल गुगळे आणि पैठणचा अंकित बावणे यांनी ५९४ जोडल्या. रणजी करंडकातली तेव्हाची सर्वांत मोठी भागी. गोव्याच्या जोडीने २०२४मध्ये ६०६ करून ती मागे टाकली. जागतिक विक्रम ६२४चा होता, श्रीलंकेच्या संगकारा आणि जयवर्धने यांचा. गुगळे नाबाद ३५१, बावणे नाबाद २५८, बरोबरीला तीस धावा बाकी. आणि गुगळेने दुसऱ्या दिवशी २ बाद ६३५ वर डाव घोषित केला.

इथे अडवायला कुणी ठाकोरसाहेब नव्हते. मैदान सोडून कोणी जात नव्हतं. तरी हा निर्णय मला बरोबर वाटतो, आणि तो सिद्ध करायला भावनेची गरज नाही, दिल्लीचा धावफलक पुरतो. ऋषभ पंतने ३०८ केल्या, दिल्ली ५९० वर सर्वबाद. आघाडी पंचेचाळीस धावांची, महाराष्ट्राला तीन गुण. सहाशेच्या घरातल्या दोन डावांनंतर चार दिवसांत त्याहून अधिक हाती लागणार नव्हतं, हे उघड आहे. पण घोषणेच्या वेळी कर्णधाराला विजयाचे सहा गुण दिसत होते, आणि वीस गडी मिळवायला पाटा खेळपट्टीवर वेळच लागतो. स्वतः ३५१ वर नाबाद असताना वेळेचा हिशेब करणारा फलंदाज विरळा.

झटपट क्रिकेटात या संघाचं नशीब जरा बरं. २००९-१०चा ट्वेंटी-ट्वेंटी करंडक महाराष्ट्राने जिंकला. २०२२मध्ये पन्नास षटकांच्या विजय हजारे करंडकाच्या उपांत्यपूर्व सामन्यात ऋतुराज गायकवाडने उत्तर प्रदेशविरुद्ध एका षटकात सात षटकार मारले. सातवा कुठून आला? त्यातला एक चेंडू नोबॉल होता, म्हणजे सहांच्या मोजणीत न धरलेला आणि वर एक जादा धाव देणारा, त्यामुळे षटकाच्या धावा झाल्या ४३. गायकवाड त्या डावातही नाबादच, २२०. अंतिम सामन्यात त्याने १०८ केल्या आणि करंडक सौराष्ट्राने नेला.

रणजी करंडकाची पाटी मात्र १९४१पासून कोरी आहे. गंमत म्हणजे इथली माणसं इतरत्र जाऊन जिंकतात. हजारे बडोद्याकडे गेले. चौहान दिल्लीकडे गेला. पुण्याचा हृषीकेश कानिटकर राजस्थानचा कर्णधार झाला आणि २०१०-११ व २०११-१२ अशी लागोपाठ दोन वर्षं करंडक घेऊन आला. दोन्ही अंतिम सामने अनिर्णित, दोन्ही पहिल्या डावाच्या आघाडीवर. आणि १९५७-५८मध्ये उशिरा पंगतीला बसलेल्या विदर्भाने २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ असे तीन करंडक उचलले. शेवटच्या वेळी नागपुरात केरळच्या ३४२ला विदर्भाच्या ३७९ होत्या. आघाडी सदतीस धावांची. देवधरांना मुंबईविरुद्ध पंचवीस पुरल्या होत्या.