ट्रेलरचे चार टायर

पुढच्या आठवड्यात ग्रँड कॅनियनला निघायचंय, म्हणून आज फीनिक्सच्या उन्हात ट्रेलर बाहेर काढला. पिकअपचे टायर मी नेहमी बघतो. पेनी, म्हणजे लिंकनचा चेहरा असलेलं एक सेंटचं नाणं, डोकं खाली करून टायरच्या खाचेत घालायची, लिंकनचं डोकं पूर्ण दिसलं की टायर संपला. ट्रेलरचे टायर समोरून नवेकोरे दिसत होते, त्यामुळे निर्धास्त होतो.

सहज आतल्या बाजूने हात फिरवला आणि काळजात धस्स झालं. उजवीकडच्या मागच्या टायरची आतली कड पार गोटा झालेली! अॅक्सल, म्हणजे चाकं जोडणारा दांडा, वाकला की असंच होतं, बाहेरून काही कळत नाही. मग टायरच्या बाजूवरच्या डॉट कोडमधले, म्हणजे टायर कधी बनला ते सांगणारे, शेवटचे चार आकडे वाचले: 2318. म्हणजे 2018 च्या 23व्या आठवड्यात बनलेला. ट्रेलर वर्षातले दहा महिने उभाच, त्यामुळे नक्षी झिजायच्या आधी रबरच म्हातारं होतं. बारीक भेगाही दिसल्या.

पिकअपमध्ये मागे मुलं बसलेली असताना हायवेवर हा फुटला असता तर? विचारानेच हात थरथरले.

चारही बदलले. लोड रेंज ई (टायर किती भार पेलतो त्याची श्रेणी), टायर थंड असताना हवा 80 पीएसआय. अॅक्सलचं काम उद्या सकाळी. तुमचाही ट्रेलर दारात उभा असेल, तर आज खाली वाकून आतली कड नक्की बघा.