चुकलेल्या बाराची जागा

२४० चे २० टक्के किती? माझ्या वर्गातल्या एका मुलीने वहीत लिहिलं होतं, १२. उत्तराखाली ठसठशीत दोन रेघा.

फुली मारायला लाल पेन उचललं आणि थांबले. वरच्याच ओळीत तिने २४० चे १० टक्के बिनचूक काढले होते, २४. दहा टक्क्यांना १० ने भागायचं, तर वीस टक्क्यांना २० ने, असा तिचा हिशेब. नियम मीच दिलेला. तिने तो फक्त एक पाऊल पुढे नेला. शंभरात दहा वेळा दहा मावतात म्हणून ती सोय तिथे जमते, एरवी नाही, हे सांगायचं माझ्याकडून राहून गेलं होतं.

आम्ही शाळेत हे त्रैराशिकाने केलं. शंभराला ३५, तर २४० ला किती? मांडा, गुणा, भागा. आर्यभटाच्या काळापासून चालत आलेली रीत आहे आणि ती कधी दगा देत नाही. पण मांडणीत आकडा वर-खाली झाला आणि उत्तर भलतंच आलं, तर ‘हे भलतंच आहे’ असं सांगणारं त्या रीतीत कोणी नसतं. परीक्षेत मी एकदा १०० पेक्षा कमी टक्के काढून मूळ संख्येहून मोठं उत्तर लिहिलं होतं. निर्धास्तपणे.

म्हणून मग चित्रं. आधी शंभर घरांचा चौकोन, दहा ओळी, दहा रांगा. वीस घरं रंगवली की २० टक्के. वर्ग खूश. पण पुस्तकाची पानं २४० निघाली की चौकोन अडचणीत येतो, कारण घरं शंभरच. प्रत्येक घरात २.४ पानं कोंबायची! निम्मी मुलं वीस घरं रंगवून उत्तरही २० लिहितात. टक्का म्हणजे काय हे चौकोन छान सांगतो. कशाचा टक्का, ते सांगताना तो चाचरतो.

आणि सगळी गोम त्या ‘कशाचा’मध्ये आहे. मराठी इथे मदतीला येते. आपण ‘२४० चे ३५ टक्के’ म्हणतो, म्हणजे अख्खी वस्तू आधी, तुकडा नंतर. मुलांची नजर मात्र दोन आकडे उचलते आणि मधल्या ‘चे’वरून उडी मारते. चित्र वाक्याच्याच क्रमाने काढायचं, एवढं मी ठरवलं. आधी फळ्यावर एक लांब आडवी पट्टी. ही २४० पानं. वरच्या कडेला पानं, ० ते २४०. खालच्या कडेला टक्के, ० ते १००. मग तुकडे. सिंगापूरच्या प्राथमिक शाळांत १९८० च्या दशकात अशा पट्ट्यांनी गणित शिकवायला सुरुवात झाली आणि पुढे ही पद्धत जगभर गेली. ‘बाई, ही तर मोबाइलची बॅटरी,’ मागून कोणीतरी म्हणालं. अगदी.

तिलाच फळ्याशी बोलावलं. पट्टीचे दहा भाग केले, एकेका भागात २४. मग विचारलं, तुझे बारा कुठे बसतात? तिने खडू पहिल्या भागावर नेला, थबकली, आणि त्या भागाच्या बरोबर मध्ये उभी रेघ मारली. ‘हे तर दहा टक्क्यांपेक्षा कमी आहेत!’ मी गप्प. खालची कड बघून तीच म्हणाली, ‘पाच टक्के आहेत हे.’ फुली न मारल्याचं मला फार बरं वाटलं.

पुढचं उदाहरण ३५ टक्क्यांचं होतं. चोवीसचे तीन भाग, ७२. वर तिचे ते बारा. ८४.

पट्टीने सगळं होतं असं नाही. ३७ टक्के आले की रेघांची दाटी होते आणि मग मुकाट्याने एक टक्का काढून ३७ ने गुणावं लागतं. पण १२० टक्के आले तर चौकोनातली घरं संपतात, पट्टी मात्र सरळ पुढे वाढवता येते. फळ्याची लाकडी चौकट आडवी आली तरच प्रश्न.

या वाढणाऱ्या पट्टीचा खरा उपयोग तास संपता संपता झाला. ५० मध्ये २० टक्के वाढ केली, मग २० टक्के घट. सगळा वर्ग एका सुरात, ‘पन्नासच!’ मी दोन पट्ट्या एकाखाली एक काढल्या, पहिली ५० ची, दुसरी ६० ची. दुसरीचा पाचवा भाग खोडला. उरले ४८.

‘दोन कुठे गेले?’

बराच वेळ कोणी बोललं नाही. मग बारावाली उठली, दोन्ही पट्ट्यांचे पाचवे भाग तिने वितीने मोजून पाहिले.

‘बाई, खालचा तुकडा मोठाय. चढवले दहा, उतरवले बारा.’